फुकटच्या खोल्या

ऑफिसात सगळे तिला घासाघीसबाई म्हणत आणि तिलाही ते नाव आवडे. कंपनीची माणसं कामासाठी गावोगाव जात. त्यांच्यासाठी हॉटेलांशी वर्षाचा करार करायचा आणि दर पाडून घ्यायचा, हे तिचं काम. नवरा म्हणायचा, "भाजीला मीच जातो. तुला लांबून पाहिलं तरी भाजीवाला पाट्या झाकतो."

तिची एक पद्धत होती. मॅनेजरची भेट दुपारी असली तरी ती सकाळीच जाऊन गुपचूप हॉटेलात बसायची. सोयरीक जमवायची तर आधी न सांगता त्या घरी डोकावून यावं, हे सासूबाईंचं मत तिने हॉटेलांना लावलं होतं. न सांगता गेलं की नळाचं पाणी किती गरम आणि माणसं किती थंड, दोन्ही कळतं.

त्या वर्षीही ती अशीच गेली आणि दाराबाहेरच थबकली. गाड्या लावायच्या जागेत, कठड्यावर, अवजारांची पिशवी मांडीवर घेऊन कंपनीचा म्हातारा फिटर डुलक्या काढत होता.

"मामा, इथे का बसलात?"

"खोली दुपारी मिळते, ताई. आत सोफ्यावर जरा डोळा लागला, तर उठवलं. म्हणाले, ग्रीसचा वास येतो."

गिऱ्हाइकांचे कारखाने दिवसा थांबत नाहीत. म्हणून फिटर संध्याकाळी गाडीतून उतरून थेट कारखान्यात जायचा, रात्रभर यंत्र दुरुस्त करायचा आणि सकाळी हॉटेलात यायचा. रात्री पुन्हा कामावर.

"मागच्या खेपेला झापड आली आणि हात पट्ट्यात जाता जाता वाचला," मामा हसत म्हणाले.

"आणि हे मला कधी सांगितलं नाहीत?"

"त्यात सांगायचं काय? आम्ही सगळेच असे बसतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग हॉटेलवर होताच, पण त्याहून जास्त स्वतःच्या ऑफिसवर होता. कंपनीने वर्षभरात ठरावीक खोल्या घेतल्या की काही खोल्या फुकट, असं करारातच होतं. तो आकडा भरायचा या फिटरांच्या मुक्कामांनी आणि त्या खोल्यांत लोळायचे मोठ्या साहेबांचे मेहुणे, साडू आणि साडूंचे दोस्त. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. या नागोबाला तर वर बाल्कनीही लागायची.

निघताना साहेबांनी बजावलं होतं, "दर थोडाफार सोडा, पण फुकटच्या खोल्या वाढवून आणा. आमच्याकडे पाहुणे यायचेत."

ती मामांकडे वळली. "कंपनीला मिळतात त्या फुकटच्या खोल्यांवर पाणी सोडून तुमच्यासाठी सकाळी चावी मागितली तर?"

"मागा की. आम्हाला कुठे त्या खोल्या ठाऊक होत्या?"

दुपारी मॅनेजरने चहा मागवला आणि हसून म्हणाला, "मॅडम, यंदा फुकटच्या खोल्या वाढवून देतो."

"एकही नको. आमचा माणूस सकाळी दारात आला की त्याच्या हातात चावी द्यायची. जादा पैसे नाहीत. आणि सोफ्यावरून कुणाला उठवायचं नाही."

ही घासाघिशीची नवी चाल असणार, असं मॅनेजरला वाटलं. "सकाळी खोल्या रिकाम्या नसतात हो."

"फुकट द्यायला असतात ना? त्याच आमच्या माणसांसाठी ठेवा."

मॅनेजरने फुकटच्या खोल्यांचं कलम खोडून तिथे सकाळच्या चावीचं लिहिलं. वर्षभराच्या करारावर दोघांच्या सह्या झाल्या.

साहेबांना ते कळलं ते मेहुण्याच्या फोनवरून. तो सामानासकट हॉटेलच्या काउंटरवर उभा होता. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"कोणाला विचारून केलंत हे?"

"ज्यांच्या मुक्कामांवर त्या खोल्या फुकट मिळत होत्या, त्यांना विचारून," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिने तो उतरवला नाही. "ते बाहेर कठड्यावर बसतात, साहेब. तुमचे पाहुणे गादीवर."

हॉटेलांचं काम तिच्याकडून काढून घेतलं गेलं. आता ती पेनं आणि कागद विकत घेते, आणि तिथेही भाव पाडते. संताप मात्र अजून गेलेला नाही. नवऱ्याने विषय काढला की हातातलं भांडं आदळतं.

सह्या झालेला करार मात्र वर्षभर साहेबांनाही बदलता येणार नव्हता. एका सकाळी ती कागदाचे गठ्ठे मोजून घेत असताना फोन वाजला.

"ताई, चावी मिळाली," मामा म्हणाले. "झोपतो आता."

"पडदा ओढून घ्या, मामा," ती म्हणाली, आणि मोजणी चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.