गुलनारबींचे चिंध्यांचे त्रिकोण

आमच्या गावच्या अंगणवाडीत गुलनारबी एकोणीस वर्षांपासून मदतनीस आहेत. झाडणे, पाणी भरणे आणि खिचडी शिजवणे ही त्यांची नेमून दिलेली कामे. प्रौढ साक्षरता वर्गात त्या माझ्या शेजारी बसतात, म्हणून मी त्यांच्याविषयी लिहीत आहे.

त्यांचे पती निजामुद्दीन हे गावचे शिंपी. मशीनखाली पडलेल्या चिंध्यांतून गुलनारबी एकाच मापाचे त्रिकोण कापून आणीत. खिचडी शिजेपर्यंत सेविका प्रियंकाताई रजिस्टर भरीत आणि तेवढा अर्धा तास मुले गुलनारबींच्या ताब्यात असत. दोन त्रिकोणांचा चौकोन, चार चौकोनांचा मोठा चौकोन, त्यावर छप्पर ठेवले की घर. अहवालात हा उपक्रम प्रियंकाताईंच्या नावाने जाई. गुलनारबींची त्याला हरकत नव्हती. दिवसातला तो अर्धा तास तेवढा त्यांना हवा होता.

"चाची, माह्यं घर सरकून राह्यलं," सुरभी तक्रार करी.

"सरकंल नाही तर काय! कडेवर कड घे, बोटभर दाबून. शिलाई कशात घालशीन मंग?"

शिवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. कडा नुसत्या भिडवल्या तर टाक्याला कापड उरत नाही. मुलांना तीच सवय लागली.

सरकारकडून आलेले प्लास्टिकचे त्रिकोण-चौकोन मात्र कपाटात कुलूपबंद होते. एखादा हरवला तर जबाब द्यावा लागतो. तपासणीच्या दिवशी ते प्रथमच बाहेर आले. छापील चौकोनावर दोन त्रिकोण बसवायचे होते. सुरभीने एकाची कड दुसऱ्यावर बोटभर चढवली. बंटीनेही तसेच केले. अकराही मुलांचा चौकोन लहान पडला आणि खालची छापील रेघ उघडी राहिली.

"हे कोणी शिकवलं?" पर्यवेक्षिका मॅडमनी विचारले.

प्रियंकाताईंनी चुलीकडे बोट दाखवले.

गुलनारबी हात पुसत पुढे आल्या. "मॅडम, शिवल्यावर बराबर बसते. दाखवू का?"

"इथं शिवणक्लास आहे का, बाई? खिचडी बघा तुमची, खाली लागत असेल."

आठ दिवसांनी कागद आला. गुलनारबींनी तो साक्षरता वर्गात माझ्यापुढे ठेवला, कारण मी त्यांच्यापेक्षा एक पुस्तक पुढे आहे. जोडाक्षरांवर अडखळत मी वाचले: 'मदतनीस यांनी यापुढे शैक्षणिक कार्य करू नये.' त्यांनी ते पुन्हा वाचायला लावले.

"तुले नीट वाचता येते ना, कांताबाई?"

"येते."

"मंग झालं."

त्या आठवड्यात त्यांनी सर्व त्रिकोण एकत्र शिवले. दाबलेल्या कडा आत गेल्या आणि प्रत्येक घराचा एकेक कोपरा नेमका जुळला. ते पाहायला कोणी आले नाही. आता ते कापड घडी करून खिचडीच्या मोठ्या पातेल्याखाली असते. सुरभी रोज वाकून त्यात आपले घर शोधते. गुलनारबी तिच्या ताटात वाढतात आणि म्हणतात, "खा निमूट."