बिननाकाचा खंडोबा

चिंचेच्या कोळाने चांदी घासताना आंबूस वास सुटला, की मला भिंगारच्या बाजारातलं सराफाचं दुकान आठवतं. भावाच्या लग्नाआधी आत्या देवघरातला खंडोबाचा चांदीचा टाक आटवून नवा करायला निघाली होती. पिढ्यान्‌पिढ्या घासून देवाचं नाक पुसलं गेलं होतं. "बिननाकाच्या देवापुढं नवरानवरी बसवू व्हय?" ती म्हणाली. चळवळीत पत्रकं वाटत वाढलेली मी, इतिहास, वारसा असं तावातावाने बोलत सुटले. सराफ चांदी वितळवायची मूस तापवायला लागला. "आवर तुजी सभा," आत्याने मला दटावलं. शेवटी मी पिशवीतलं जुन्या चांदीवरचं पुस्तक उघडून तिला एक फोटो दाखवला. तसाच झिजलेला टाक संग्रहालयात काचेमागे ठेवला होता. तिने तो बराच वेळ निरखला. "ह्याला निवद कोन दावतं गं?" "कोणी नाही." आत्या सराफाच्या हातून टाक परत घेऊन पदराने पुसत म्हणाली, "उपाशी देव लोकं काचंत जपत्यात, आन मी घरचा जेवता देव आगीत घालाय निघाले!" आजही टाक घासताना अंगठ्याला नाक लागत नाही आणि मला हायसं वाटतं. मग मी त्याच्यापुढे पुरणपोळी ठेवते.