साडेचारची बस

बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून उठून जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आम्ही त्यांना साडेचारवाले काका म्हणत असू. नोकरी मोका गावी सरकारी कचेरीत, आणि महिन्यातून दोन शनिवार बेटाच्या दक्षिण टोकाला, आमच्या सुरिनाम गावी. गावच्या बैठकेत, म्हणजे पत्र्याच्या आमच्या सभाघरात, मराठीचा वर्ग चाले. तो सात मुलांवर आला तेव्हा मंडळाने हातापाया पडून त्यांना बोलावलं. अध्यक्ष मात्र ते कधी झाले नाहीत. "मी पाहुणा. वर्ग तुमचा," एवढंच म्हणायचे.

साडेचार वाजले की छत्री काखेत मारायची आणि निघायचं, मग चर्चा कुठेही असो. माणसं चिडायची. "सहाची बी बस हाय की!" "तिला पुढे मोक्याची बस मिळत नाही," हे उत्तर ठरलेलं. बायकोचा धाक असणार, असं नळावरच्या बायका म्हणत. मागे राहिलेली माणसं मग काकांना शिव्या देत देतच ठरवायची, फळा कोण रंगवणार, शुक्रवारी कोण शिकवणार. दोन वर्षांत बसायला जागा उरली नाही. शेजारच्या गावानेही वर्ग मागितला.

मग मुलींचा प्रश्न निघाला. मी सहावी पास; मुलींना मी शिकवीन, असा माझा हट्ट. त्या शनिवारी ठरलं नसतं तर घरचे मला सोमवारपासून उसाच्या मळ्यात धाडणार होते. अध्यक्ष सखाराम आजा कडाडले, "आयो! पोरी बैठकेत? लोकं काय म्हनतील?"

काका म्हणाले, "आजा, या मुलीचं म्हणणं असं आहे की..." आणि घड्याळ पाहून उठले!

मला त्यांचा असा संताप आला! सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी ते वाक्य मीच पुरं केलं. "म्हननं असं हाय आजा, की तुमची नात रोज खिडकीखाली उभी राहून धडा ऐकते. तिला आत बसायचं हाय."

आजांनी खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "कोरेक, ठीक हाय. बसू दे. पन दार उघडं ठेवायचं."

त्यानंतर काकांच्या फेऱ्या कमी झाल्या आणि एक दिवस थांबल्याच. निरोपाचा हारही त्यांनी घालू दिला नाही. ते मला फार लागलं होतं.

पुढे काही वर्षांनी ते गेल्याचं मला सहाच्या बसच्या कंडक्टरने सांगितलं. हा त्यांना कसा ओळखतो, मला कळेना.

"अगं मिस, साडेचारच्या बसनं ते एकच स्टॉप जायचे. उतरून समुद्रावर बसायचे. मोक्याची बस तर माझ्या गाडीलाबी मिळायची. माझ्या बसमध्ये चढले की तुमच्या गावच्या लोकांना पयलं विचारायचे, सुरिनामात काय ठरलं? तू बोललीस ना, त्या दिवशी काकांनी सगळ्या बसला लिची वाटली."

मी बसमध्येच रडले.

आता मंडळ माझ्याकडे आहे. साडेचारला मीही वाक्य अर्धं टाकून उठते. मला कुठली बस? घर बैठकेच्या मागेच आहे. ओट्यावर बसते, आणि पुढचं वाक्य कोण बोलतं ते ऐकते.