डफडं थांबलं तेव्हा

प्रिय ईशा आणि रोहन,

तुमचा बेसबॉलचा हातमोजा अकोल्याला माझ्याकडेच राहिला. चामडं कडक होऊ नये म्हणून काल त्याला तिळाचं तेल चोळलं आणि त्या वासानं मी बाळापूरच्या आमच्या अंगणात पोहोचले.

आमचं सारं घर कुस्तीवेडं होतं; कुस्तीआधी पोरांच्या अंगाला हेच तेल चोळत. बायका मात्र दंगलीला जात नसत. माझी आजी अंगणात बदाम सोलत नदीकाठच्या आखाड्यातलं डफडं ऐकायची आणि ठेक्यावरून कोण वरचढ आहे ते सांगायची. हरून आलेल्या मुलाशी ती दिवसभर बोलत नसे.

त्या दुपारी धाकट्या काकांची कुस्ती होती. रंगात आलेलं डफडं एकदम थांबलं. लोकांचा गलकाही थांबला. कुणाला जबर लागल्याशिवाय असं होत नसे.

"आत्याबाई, काहून थांबलं वो?" आईनं आजीला विचारलं. आजीनं बदामांचं ताट बाजूला सारलं.

बऱ्याच वेळानं काका दारात आले. खांदा फडक्यानं बांधलेला, मान खाली.

"माय, हारलो मी."

"हारला तं हारला. पायानं चालत आला ना? बस, जेव."

तेव्हा मला ती हारच फार लागली होती. आता आठवतो तो आजीचा हात. काकांचं जेवण होईपर्यंत तो त्यांच्या पाठीवर होता.