भोपळ्याला सुरी कोण लावणार

आमच्या शेजारच्या दुर्गावहिनी बँकेतून निवृत्त झाल्या आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी ओव्हन घेतला. मी गुरुशांत, रिक्षा चालवतो आणि त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहतो. त्यामुळे बिघडलेले केक सगळे माझ्या वाट्याला. माझं पोट बघितलं तर सुरुवातीला किती बिघडले असतील ते कुणालाही कळेल.

त्यांचे यजमान वेणीमाधवराव म्हणजे संस्कृतचे निवृत्त शिक्षक. सकाळी देऊळ, संध्याकाळी देऊळ, मध्ये चहा. स्वयंपाकघरात त्यांचं काम एकच, भोपळ्याला पहिली सुरी लावणं. अख्खा भोपळा बाईनं कापायचा नाही, अशी त्यांच्या घरची रीत. भोपळा म्हणजे थोरला मुलगा, त्याच्यावर आईनं सुरी कशी चालवायची? म्हणून पुरुषानं फोडायचा, मग बाईनं हवा तसा चिरायचा. वेणीमाधवराव सुरी लावतात, हात धुतात, आणि नंतर आठवडाभर "आम्ही घरात मदत करतो हो" असं सांगत फिरतात.

यंदा दसरा झाला आणि विजापूर रस्त्यावरच्या एका नव्या हॉटेलातून वहिनींना फोन आला. मॅनेजर अनिलकुमारनं त्यांचा केक कुठल्याशा बारशात खाल्ला होता. हॉटेलात बियरचा उत्सव होता, आणि त्याला हवा होता लाल भोपळ्याचा केक, बियर घातलेला. नमुना पसंत पडला तर दर शनिवारी वहिनींचाच केक.

"भावजी, आजवर सगळे 'काकू, घरचंच समजून द्या' म्हणणारे," वहिनी मला म्हणाल्या. "हा माणूस मला ओळखत नाही, आणि तरी माझाच केक मागतोय. हे हातचं जाता कामा नये."

बियर आणायला अर्थात मीच. दुकानदारानं मला बघून गल्ल्यावरूनच हाळी दिली, "काय अण्णा, तुम्ही पण का?" मी म्हणालो, "केकात घालायचीय." रांगेतले सगळे हसले. आता मी नवी पेठेत गेलो की लोक विचारतात, केक कसा झाला.

पहिला केक मंडईतल्या फोडीचा केला. त्या भोपळ्यात इतकं पाणी, की वर बियर ओतल्यावर केक न होता पिठलं झालं. ते मी खाल्लं. मग वहिनींची बँकेतली मैत्रीण रेश्मा, तिनं आपल्या माळशिरसच्या शेतातला अख्खा भोपळा पाठवला. घट्ट, कोरडा, बुडावर टेकवला तर बसायचा पाटच वाटावा. नमुना दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा होता.

दुपारी वहिनींनी भोपळा ओट्यावर ठेवला आणि सुरी नवऱ्याच्या हातात दिली. मी सहज आलो होतो. म्हणजे भिंतीतून आवाज ऐकून.

"कशासाठी म्हणालीस?" वेणीमाधवरावांनी विचारलं.

"बियरच्या केकसाठी. चार दिवस तेच सांगतेय."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "मला वाटलं बियर म्हणजे बिया. भोपळ्याच्या."

"बिया आणायला मी भावजींना दारूच्या दुकानात पाठवीन होय?"

"मी नाही कापणार."

"अहो, ओव्हनमध्ये दारू उडून जाते!"

"उडाली तरी आली होती ना?"

जन्मभर संस्कृत शिकवलेल्या माणसाशी तर्कानं भांडायचं कसं? वहिनी कपाळाला हात लावून बसल्या. मग माझ्याकडे वळल्या. "भावजी, तुम्ही पुरुष आहात ना?"

"घरी तसं म्हणतात," मी म्हणालो, आणि सुरीकडे हात नेला.

"गुरुशांत, हात लावशील तर उद्यापासून माझ्याशी बोलू नकोस." वेणीमाधवराव एवढं बोलून टोपी घालून देवळात निघून गेले. मीही हात मागे घेतला. संध्याकाळी कट्ट्यावर तंबाखू कुणाला मागू?

"फेका ती सुरी! तुमचाही काही उपयोग नाही," वहिनी म्हणाल्या. मग त्या भोपळ्यासमोर नुसत्याच उभ्या राहिल्या. सुरी उचलायच्या, ठेवायच्या. मी म्हणालो, "वहिनी, बँकेत एवढे अधिकारी गप्प केलेत, एका भोपळ्याला काय भिता?"

"भोपळ्याला कोण भितंय?" त्यांचा आवाज एकदम उतरला. "अथर्व एकुलता एक आहे हो."

अथर्व त्यांचा मुलगा, कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये. वहिनींनी फोन काढला, स्पीकरवर लावला, बियरच्या बाटलीला टेकून उभा केला.

"आई, ड्युटीवर आहे मी. काय झालं?"

"मी भोपळा कापतेय."

"बरं. मग?"

"अख्खा."

पलीकडे घणाचे आवाज येत राहिले. मग तो म्हणाला, "काप की. मला काय होतंय!"

"फोन ठेवू नकोस. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही बोल, मला ऐकू येऊ दे!"

"आई, लोक बघायलेत! बरं... समोर एक डबा हाय, त्याचं चाक काढलंय, साहेब माझ्याकडं बघालाय, शिंदे हसालाय..."

वहिनींनी डोळे मिटले आणि सुरी दाबली. कट्ट आवाज झाला.

"आहेस ना रे?"

"आहे की! जेवलोय, बसलोय, वैतागलोय. ठेवू का?"

भोपळा आत असा केशरी निघाला, की वहिनी चिडायच्या विसरल्या. शिजवला, घोटला, काळी बियर फेस मारून ओतली, गूळ घातला. बियर लागलेलं ते पातेलं नंतर त्यांच्या घरात चालणार नव्हतं, ते आमच्याकडे आलं. केक मात्र अख्खा हॉटेलात गेला, माझ्या वाट्याला चूरसुद्धा नाही.

अनिलकुमारनं दोन तुकडे खाल्ले आणि शनिवारची ऑर्डर पक्की केली. वहिनी माझ्याच रिक्षातून परत आल्या आणि वाटेत एकदाही 'हळू चालवा' म्हणाल्या नाहीत.

वेणीमाधवराव अजून रुसलेले आहेत. भोपळा त्यांच्यावाचून कापला गेला, याचं त्यांना बियरपेक्षा जास्त लागलंय. वहिनी त्यांची मनधरणी करत नाहीत. शुक्रवारी दुपारी भोपळा ओट्यावर चढतो, फोन लागतो, आणि भिंतीपलीकडून मला अथर्वचा आवाज ऐकू येतो, "आई, दर आठवड्याला? अगं, साहेब विचारायलेत, घरी कुणी आजारी आहे का!"

"सांग त्यांना, ऑर्डर आहे म्हणून," वहिनी म्हणतात. "आणि बोलत राहा."