सुदामच्या डिकीवरची दोन अक्षरं

"काढून टाक सगळं," सुदाम म्हणाला. "लोगो, नाव, अक्षरं. मागचा पत्रा कोरा पाह्यजे मले."

मी हीट गन सुरू केली. कारण विचारलं नाही. ते कारण मीच होतो.

मेडशीच्या रस्त्यावर माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. लोक गाडीचे बॅज का काढतात, असं मला पुष्कळजण विचारतात. कुणाला साफ डिकी आवडते. कुणाला अक्षरांच्या फटीतली धूळ नको असते. पण बहुतेकांचं कारण वेगळंच. एकाच गाडीचं बेस मॉडेल असतं, म्हणजे सगळ्यात कमी सोयींचं, आणि टॉप मॉडेलही असतं. लांबून दोन्ही सारखीच. फरक सांगतात ती डिकीवरची दोन अक्षरं. ती निघाली की प्रश्न मिटला. काढणं सोपं. बॅज टेपनं चिकटवलेला असतो. तो गरम करायचा आणि मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा ओढायचा.

सुदाम किन्हीराजा गावचा, माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या मुलानं, मिलिंदनं, पुण्यात नोकरी लागल्यावर बापासाठी गाडी घेतली. घरातली पहिली. बेस मॉडेल. सुदाम रोज यायचा आणि फाट्यावरूनच दोनदा हॉर्न द्यायचा. मी चहा सांगायचो.

एकदा डिकीला ओरखडा आला म्हणून त्यानं गाडी माझ्याकडे सोडली. रंग मारताना बॅज काढावेच लागतात. परत लावताना जुन्या बॅजच्या डब्यात टॉप मॉडेलची अक्षरं दिसली. वाटलं, दोस्ताची गाडी आहे, जरा शान वाढू दे. न विचारता लावली. सुदामच्या लक्षातही आलं नाही.

सुट्टीत मिलिंद आला तेव्हा दोघं गॅरेजवर आले. चार गिऱ्हाइकं बसली होती. मिलिंद डिकीजवळ थांबला.

"बाबा, हे कोनं लावलं?"

सुदामनं अक्षरं पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"म्याच लावाले सांगतलं."

"काहून? मी देल्ली तशी गाडी दाखवाची लाज वाटली काय तुमाले?"

खोटे बॅज लावणारा म्हणून नाव झालं असतं, तर माझ्याकडे कोण फिरकलं असतं? हे सुदामला कळत होतं. मलाही. मी पाना पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सुदाम एकटा आला आणि त्यानं सगळं काढायला लावलं. मी मूळची अक्षरं पुढे केली.

"हे लावून देऊ?"

"नको. आता कोन्तंबी लावलं तरी त्याले लागनच."

"मी सांगतो मिलिंदले."

"राहू दे, वसंता. पोरगं हाये, इसरते."

पोरगं विसरलं नाही. फोन करायचा, पण येणं थांबलं. मीही सांगितलं नाही. मागल्या साली सुदाम गेला. फाट्यावर कुणी दोनदा हॉर्न दिला की अजून माझा हात चहावाल्याकडे वर जातो.

मागच्या महिन्यात मिलिंद गाडी घेऊन आला. "काका, जरा पाहून द्या. पुण्याले नेतो." मी डब्यातली मूळ अक्षरं त्याच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

त्यानं अक्षरं उलटून पाहिली. मग म्हणाला, "बाबा जिते होते तवा तुमच्या तोंडात काय होतं?"

मी फडकं उचललं.

"लावा," तो म्हणाला.

पत्रा पुसला, अक्षरं दाबून लावली. एक तिरपं लागलं. काढून नीट करू लागलो तर म्हणाला, "राहू द्या."

गाडी निघाली. फाट्यापर्यंत मी कान देऊन होतो. हॉर्न वाजला नाही.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना एवढंच सांगतो: गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय काही लावू नका. लावलंच, तर तो समोर असताना बोला.