नामाच्या मनगटावरच्या गाठी

मी ठाण्याच्या दवाखान्यात कंपाउंडर. विसरणारी माणसं पुष्कळ बघितली. म्हाताऱ्यांची आठवण हळूहळू विरते, दारुड्याची दारू खाते, तापात बरळणाऱ्याची ताप उतरला की परत येते. कळव्याच्या नामाचं तसलं नव्हतं. तो होडीचा तांडेल, म्हणजे सुकाणू त्याच्या हाती. त्रेपन्न साली शिडाचा दांडा डोक्यात बसला आणि जुनं सगळं शाबूत राहून नवीन काही टिकेना. सकाळी भेटलेला मी दुपारी त्याला परका.

"नवं आता लक्षात राहायचं नाही," डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, मंजुळाला सांगितलं.

"नाय तं नाय. पन होरी त्योच चालवल," ती म्हणाली. बाई हट्टी. मला तेव्हा तिचा रागच आला.

खाडीतली भरती तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, अष्टमीला सहा वाजता. हा हिशेब नामाला तोंडपाठ. आज तिथी कोणती, एवढंच ठाऊक नसायचं. आणि तिथी चुकली की होडी चिखलात रुतलीच म्हणून समजा. होडीतला भागीदार रतन म्हणाला, "एकदा जरी चुकला, तं दुसरा तांडेल बघनार."

मंजुळाने नामाच्या मनगटाला दोरा बांधला. पंचांगातल्या तिथ्या ती मला विचारून घ्यायची आणि रोज पहाटे त्याचीच बोटं धरून एक गाठ मारायची. जितक्या गाठी तितकी तिथी; पुनव, अवस सरली की नवा दोरा. "ही कशाला?" तो रोज नव्याने विचारी, ती रोज नव्याने सांगे. असे सात महिने गेले.

एका अष्टमीला पहाटे तिला हिवताप भरला. शुद्ध आली तेव्हा नामा घरात नव्हता. सातच गाठी घेऊन गेला! ती धडपडत खाडीवर पोचली. नामा रतनला सांगत होता, "आठ गाठी. सहाला भरती. ढकला."

"गाठ कोनी मारली?" तिने धापा टाकत विचारलं.

"मना ठावं नाय. हाथ गेला."

औषधाला आलेल्या मंजुळाकडून हे ऐकून डॉक्टर म्हणाले, "डोकं विसरलं तरी हात शिकतात."

नवमीच्या पहाटे ताप उतरला होता, तरी मंजुळा मुद्दाम उठली नाही. गोधडीतून एक डोळा उघडा ठेवून नामाच्या हाताकडे बघत पडून राहिली.